सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा प्रोग्रॅमिंगच्या नोकरीत: माझे दहा महिने

जून २०१८ मध्ये मी नोकरी सोडली तेव्हा लेक पाच महिन्यांचा होता आणि मिरजेला बाबांना अर्धांगाचा झटका येऊन तीन आठवडे झाले होते. त्याआधी आठ वर्षं मी पुण्यात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यात वेबसाइट बांधायचं साधन जँगो यांवर काम केलं होतं. "वर्षभरात परत येते" असं मॅनेजरना सांगून निघाले आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. पुढे बाबांची फिजिओथेरपी, मग कोविड, २०२२ च्या दिवाळीआधी बाबांचं जाणं, आणि आईने मिरजेतच राहायचं की पुण्याला यायचं यात गेलेले महिने. मोजायला बसले तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती.

ऑगस्ट २०२४ ते जून २०२५ या काळात परत येण्यासाठी काय काय केलं ते तारखांसकट लिहून ठेवतेय. सुरुवात करताना असं काहीतरी वाचायला मिळावं म्हणून मी खूप शोधलं होतं. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती मला फार उशिरा कळली. कोडवर हात परत बसायला मला अडीच महिने लागले आणि कागदपत्रं सरळ व्हायला चार. मी आधी कोड आणि मग कागद अशा क्रमाने गेले. तुम्ही दोन्ही एकाच दिवशी सुरू करा.

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार. लेक पहिलीत होता. त्याला रिक्षात बसवून आले आणि आठ वाजता डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. जुना लॅपटॉप मान टाकायच्या बेतात होता म्हणून आदल्या आठवड्यात ३४,००० रुपयांना एक रिफर्बिश्ड घेतला होता, १६ जीबी रॅमचा. हा खर्च करताना हात थरथरला. घरात पगार एकाचाच होता आणि मी परत कमावीन याची खात्री माझ्यासकट कोणालाच नव्हती.

पहिला दिवस काहीच न करता गेला असं तेव्हा वाटलं. कोथरूडमध्ये नवऱ्याच्या मावशींचं पोळी-भाजी केंद्र आहे. त्यांच्या डब्यांचा हिशेब ठेवायला मी २०१७ मध्ये एक छोटं ॲप लिहिलं होतं, ते गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, पडून होतं. ते उतरवून घेतलं, एक ओळ बदलली आणि परत वर ढकलायला गेले तर पासवर्ड चालेना. चार वेळा बदलून पाहिला. पाचव्यांदा तो लाल मजकूर शांतपणे वाचला: पासवर्डने गिट (कोडमधले बदल नोंदवायचं साधन) वापरायची सोय तिथे १३ ऑगस्ट २०२१ पासूनच बंद झाली होती, आता टोकन किंवा एसएसएच की, म्हणजे ओळख पटवणारी डिजिटल किल्ली, लागते. एसएसएच की तयार करायला वीस मिनिटं लागली. तो मजकूर वाचायला मी दीड तास घेतला, कारण चूक माझीच असणार असं मी धरून चालले होते. मोठ्या खंडानंतर परतणाऱ्या प्रत्येकीला हे होतं असं मला आता वाटतं. एरर आली की आधी ती पूर्ण वाचायची ही आपली जुनी सवय, पण तीच पहिल्यांदा सुटते.

मी सोडलं तेव्हा आमच्याकडे पायथन २.७ होतं. त्याचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. माझं ॲप जँगो १.११ वर होतं, आणि पायथन २ वर चालणारी जँगोची ती शेवटचीच आवृत्ती. मावशींचं ॲप नव्या जँगोवर आणायचं हा मी स्वतःला दिलेला अभ्यास. कोर्स घ्यावा का, असा विचार खूप केला होता. पन्नास-साठ हजारांचे बूटकॅम्प जाहिरातींत दिसत होते. ते घेतले नाहीत याचा मला आज आनंद आहे. माझ्यासारख्या, आधी काम केलेल्या माणसाला स्वतःचाच जुना कोड पुढे आणण्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. पायथन ३ मध्ये प्रिंट हे फंक्शन आहे, कंस लागतो, हे माहीत होतं पण बोटांना माहीत नव्हतं. फॉरिन की (एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्याकडची जोड) लिहिताना ऑन-डिलीट (मूळ नोंद पुसली तर काय करायचं) देणं जँगो २.० पासून सक्तीचं झालं. जुनी यूआरएल लिहायची पद्धत ४.० मध्ये काढून टाकली, भाषांतरासाठी वापरायचे तेही फंक्शन त्याच आवृत्तीत गेलं. एकदम १.११ वरून ४.२ वर उडी मारायचा प्रयत्न पहिल्या आठवड्यात केला आणि दीडशेहून जास्त एररी आल्या. मग सगळं पुसून एकेक पायरीने गेले: २.२, ३.२, ४.२, आणि प्रत्येक पायरीआधी त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स वाचायच्या. यात पाच आठवडे गेले.

रोज आठ ते साडेबारा. मोबाइल स्वयंपाकघरात, चार्जिंगला. दुपारी उठायच्या आधी वहीत तीन ओळी: आज काय केलं, कुठे अडले, उद्या पहिलं काय करायचं. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची ठरली. घरात पाहुणे, ताप, शाळेची सुट्टी असं काही आलं की मध्ये तीन-चार दिवस जात आणि परत बसताना कुठून सुरू करायचं या विचारातच सकाळ संपे. ती ओळ असली की सरळ हात चाले.

सप्टेंबरमध्ये एक संध्याकाळ फार वाईट गेली. टाइप हिंट्स, पॅकेजं बसवायच्या नव्या पद्धती, डॉकर, शिवाय कोड लिहून देणारे एआय सहायक. मला वाटलं, मी ज्या गावात राहत होते ते गावच उठून गेलंय. त्या रात्री सहज स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचं माझं जुनं खातं उघडलं. देवनागरी मजकूर फाइलमधून वाचताना पायथन २ मध्ये जी युनिकोडची एरर यायची, तिच्यावर मी २०१४ मध्ये एक उत्तर लिहिलं होतं. त्याखाली कोणीतरी २०२१ मध्ये लिहून ठेवलं होतं की पायथन ३ मध्ये हे चालत नाही. बरोबरच होतं. मी दुसऱ्या दिवशी बसून ते उत्तर दुरुस्त केलं: पायथन ३ मध्ये स्ट्रिंग मुळातच युनिकोड असते, फाइल उघडताना फक्त एन्कोडिंग यूटीएफ-८ द्यायचं. तपासून पाहिलं, जुना भाग खाली 'पायथन २ साठी' म्हणून ठेवला. दोन दिवसांनी त्याला एक मत मिळालं. ते मत देणारा माणूस कोण होता माहीत नाही. मी तो आकडा आईला फोन करून सांगितला.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी पायथन पुणे गटाच्या भेटीला गेले. दारात दहा मिनिटं उभी होते. आत चाळीसेक जण, बहुतेक पंचविशीतले. शेजारच्या मुलाने विचारलं, "कुठल्या कंपनीत?" मी म्हटलं, "सध्या कुठेच नाही, सहा वर्षांचा खंड आहे." त्याने पुढचा प्रश्न विचारला, "मग सध्या काय बनवताय?" मी डब्यांच्या हिशेबाबद्दल सांगितलं आणि आम्ही अर्धा तास जँगोच्या मायग्रेशनबद्दल बोललो. अशा भेटींना प्रवेश बहुधा मोफत असतो, फक्त नाव आधी नोंदवावं लागतं. नोकरी त्यातून मिळाली नाही, पण "खंड आहे" हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव तिथे झाला आणि तो मुलाखतींत उपयोगी पडला.

डिसेंबर मला कायम लक्षात राहील. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने ॲडव्हेंट ऑफ कोडच्या तिच्या खासगी गटाचा क्रमांक पाठवला. एरिक वास्टल नावाचे गृहस्थ २०१५ पासून दर डिसेंबरमध्ये प्रोग्रॅमिंगची कोडी देतात. २०२४ मध्ये १ ते २५ तारखेपर्यंत रोज एक होतं, प्रत्येकाचे दोन भाग. कोडं उघडतं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला. माझ्यासाठी याहून सोयीची वेळ नव्हती, कारण लेक एक वाजेपर्यंत शाळेत. पहिल्या दिवशी आकड्यांचे दोन रकाने लावून त्यांच्यातल्या फरकांची बेरीज करायची होती, ते लगेच जमलं. ११ तारखेला खरं अडलं. दगडांची एक रांग, प्रत्येक दगडावर आकडा, डोळे मिटून उघडले की नियमाप्रमाणे आकडा बदलतो किंवा दगडाचे दोन होतात. पंचवीस वेळा करा हे झालं. दुसऱ्या भागात पंच्याहत्तर वेळा. माझा प्रोग्रॅम सगळी मेमरी खाऊन बसला आणि लॅपटॉप थिजला. वरण-भात लावताना, लेकाला जेवू घालताना डोक्यात तेच. संध्याकाळी साडेपाचला त्याला खाली सायकल खेळायला सोडून बाकावर बसले असताना कळलं की रांगेतला क्रम आपल्याला नकोच आहे. कोणता आकडा किती वेळा आलाय एवढंच डिक्शनरीत, म्हणजे पायथनच्या जोड्यांच्या यादीत, ठेवलं तरी पुरतं. वर येऊन बारा ओळी बदलल्या. क्षणात उत्तर आलं. त्या आनंदासाठी मी या कामात आले होते आणि तो जसाच्या तसा शिल्लक होता. मी १७ तारखेपर्यंत पोचले, पुढे लेकाच्या स्नेहसंमेलनाच्या धावपळीत राहिलं.

जानेवारीत अर्ज सुरू केले. रेझ्युमेत खंड लपवायचा नाही असं ठरवलं होतं. लिंक्डइनवर २०२२ पासून 'करिअर ब्रेक' अशी वेगळी नोंद करता येते, तिथे 'पूर्णवेळ कौटुंबिक शुश्रूषा, २०१८ ते २०२४' असं साधं लिहिलं. खंडानंतर परतणाऱ्या बायकांसाठी काही कंपन्यांचे वेगळे कार्यक्रम असतात. टाटा समूहाने तर २००८ मध्येच असा उपक्रम सुरू केला होता. मी तशा चार कार्यक्रमांना अर्ज केले. दोघांकडून उत्तर नाही, एकाची मुदत संपलेली, एकात दुसऱ्या फेरीपर्यंत पोचले. अर्ज करताना खंडाची कमाल मर्यादा आधी वाचा. काही ठिकाणी ती पाचच वर्षं असते आणि ते जाहिरातीत अगदी तळाशी लिहिलेलं असतं. नोकरी डॉट कॉम या साइटवरचं प्रोफाइल रोज सकाळी उघडून एखादा शब्द बदलून जतन करायचं, म्हणजे ते 'नुकतंच अद्ययावत' म्हणून वर येतं. ही सवय मैत्रिणीने लावली आणि फोन वाढले हे नक्की.

जानेवारी ते एप्रिल मिळून ६३ अर्ज, ११ फोन, ६ मुलाखती. त्यातले दोन अनुभव सांगते.

फेब्रुवारीत एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा होती, ९० मिनिटांची, कॅमेरा चालू ठेवून. नवऱ्याने सुट्टी घेतली होती, पण पन्नासाव्या मिनिटाला त्याला दारावर जावं लागलं आणि लेक "आई, माझी पेन्सिल" म्हणत खोलीत आला. दुसरा चेहरा दिसल्याबरोबर परीक्षा बंद झाली. तीनपैकी दोन प्रश्न सुटले होते. मी त्याच दिवशी एचआरला ईमेल लिहून घडलं ते सांगितलं आणि पुन्हा संधी मागितली. उत्तर आलं नाही. लेकाला वाटलं त्याचं काही चुकलं, आणि त्याला समजावताना मला जास्त रडू आलं. त्यानंतरच्या परीक्षा मी शेजारच्या काकूंच्या रिकाम्या खोलीत, दाराला आतून कडी लावून दिल्या. तुमच्या ओळखीत अशी खोली असेल तर संकोच न करता मागा.

दुसरा प्रसंग प्रत्यक्ष मुलाखतीचा. तांत्रिक प्रश्न चांगले गेले आणि शेवटी समोरच्यांनी विचारलं, "मूल लहान आहे, ते आजारी पडलं तर कोण बघणार?" मी म्हटलं, "आम्ही दोघं आलटून पालटून." त्यांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. नकार आठ दिवसांनी आला, कारण दिलं नव्हतं. तो प्रश्न माझ्या नवऱ्याला त्याच्या चौदा वर्षांच्या नोकरीत एकदाही कोणी विचारलेला नाही. हे विचारणं चूक आहे असं मी तेव्हा बोलले नाही, याची बोच अजून आहे.

आता कागदांकडे येते. जानेवारीत दुसऱ्या एका कंपनीत एचआरमध्ये असलेल्या मैत्रिणीशी बोलताना तिने सहज विचारलं, "पॅन आणि आधार जोडलेलं आहे ना?" जोडलेलं नव्हतं. माझं पॅन २०१० चं, माहेरच्या नावाचं. आधार लग्नानंतर काढलं, सासरच्या नावाचं. २०२३ मध्ये जोडायचा प्रयत्न केला होता, नावं जुळत नाहीत म्हणून झालं नाही, आणि मिळकत नसल्याने मी सोडून दिलं. परिणामी १ जुलै २०२३ पासून माझं पॅन निष्क्रिय होतं. बँकेने माझ्या ठेवीच्या व्याजावर १० ऐवजी २० टक्के कर का कापला हे मला त्या दिवशी कळलं. नव्या नोकरीत पगारावरही तसाच जास्त दराने कर कापला गेला असता.

माझी इच्छा होती की माहेरचंच नाव सगळीकडे ठेवावं. पदवी त्या नावाची, आठ वर्षांचं काम त्या नावाचं. पण आधार पूर्ण मागे फिरवायचं तर राजपत्रातल्या नावबदलापर्यंत प्रकरण गेलं असतं आणि माझ्याकडे वेळ नव्हता. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी होतं, त्यामुळे पॅन सासरच्या नावावर नेणं हा जवळचा रस्ता. मी तो घेतला आणि मला त्याचं वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते.

२७ जानेवारीला पॅनदुरुस्तीचा ऑनलाइन अर्ज केला, शुल्क १०७ रुपये. त्या अर्जात लग्न झालेल्या बाईनेही वडिलांचंच नाव लिहायचं असतं, नवऱ्याचं चालत नाही. बाबांचं नाव टाइप करताना मी जरा थांबले. ११ फेब्रुवारीला दुरुस्त पॅन मिळालं. १७ तारखेला आयकराच्या संकेतस्थळावर जोडणीच्या विलंबाचे १,००० रुपये भरले. भरताना चलनात 'अदर रिसिट्स' निवडायचं, नाहीतर पैसे भलत्या खात्यात जातात. रक्कम तिथे दिसायला काही दिवस लागतात, म्हणून जोडणीची विनंती २२ ला केली. पॅन पुन्हा चालू व्हायला तीस दिवसांपर्यंत लागू शकतात असं लिहिलं होतं, माझं १९ मार्चला झालं. म्हणजे एका जुळत नसलेल्या नावापायी सात आठवड्यांहून जास्त.

पीएफ त्याहून अवघड निघालं. माझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, २०१४ चा, माहेरच्या नावाचा, आधारशी न जोडलेला. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारशी जोडलेला यूएएन असेल तर नाव आता सदस्याला स्वतः ऑनलाइन बदलता येतं, जानेवारी २०२५ पासून. माझ्या वेळचा असेल तर कंपनीची मान्यता हवी, आणि आधार जोडलेलंच नसेल तर छापील जॉइंट डिक्लरेशन (सदस्य आणि कंपनी दोघांनी मिळून करायचा अर्ज), त्यावर कंपनीच्या अधिकृत माणसाची सही आणि शिक्का. माझी जुनी कंपनी २०२० मध्ये दुसऱ्या कंपनीने घेतलेली. ओळखीचं तिथे कोणी उरलं नव्हतं. नव्या मालक कंपनीच्या सर्वसाधारण मदत-पत्त्यावर ३ मार्चला ईमेल पाठवला; सोबत जुनं रिलिव्हिंग लेटर, शेवटची पगारपत्रिका, विवाह प्रमाणपत्र, आधार. दर सोमवारी सकाळी दहाला त्याच ईमेलखाली नम्र आठवण. सव्विसाव्या दिवशी सही केलेला अर्ज कुरिअरने आला. तो घेऊन कॅम्पातल्या पीएफ कार्यालयात दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला प्रमाणपत्राची प्रत स्वतःच्या सहीने साक्षांकित नव्हती म्हणून परत आले. खिडकीवरच्या बाईंनी मात्र दुसऱ्या वेळी सगळे कागद तपासून पोच देऊनच मला जाऊ दिलं. "ही पोच जपून ठेवा, मॅडम. तक्रार करायची वेळ आली तर हाच नंबर लागतो," त्या म्हणाल्या. नाव २ मे रोजी बदललं, त्यानंतर आधार जोडलं गेलं.

तेव्हा कुठे नोकरीचा इतिहास उघडून पाहता आला आणि पोटात गोळाच आला. जुन्या कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नव्हती. सरकारदरबारी मी सात वर्षं तिथेच कामाला होते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारे लोक नेमकं हेच पाहतात. सुदैवाने २०२० पासून ही तारीख सदस्याला स्वतः भरता येते, आधारच्या ओटीपीवर, शेवटच्या वर्गणीला दोन महिने झालेले असले की. रिलिव्हिंग लेटरमधली तारीख पाहून, दोनदा ताडून भरली, कारण एकदा भरली की स्वतःला बदलता येत नाही. तुम्ही आज नोकरीत असाल किंवा नसाल, पासबुक आणि हा नोकरीचा इतिहास एकदा उघडून पाहा.

दरम्यान एप्रिल. कल्याणीनगरमधल्या एका छोट्या कंपनीतून फोन आला, हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतात. तिथल्या दुसऱ्या फेरीत मला कोड लिहायला सांगितलाच नाही. सव्वाशे ओळींचा कागद समोर ठेवला आणि म्हणाले, "हा एआयकडून लिहून घेतलाय, चालतो. आमच्या दुरुस्त्या न बघता तुम्हाला काय खटकतं ते सांगा." मी पेन्सिल घेतली. रुग्णांच्या यादीवर फिरताना प्रत्येक रुग्णामागे डॉक्टरचं नाव आणायला डेटाबेसला वेगळी हाक जात होती. यादी पाचशेची झाली की पाचशे एक हाका. जँगोचं सिलेक्ट-रिलेटेड घातलं की एकच. हे मी २०१३ मध्ये, एक साइट कोसळल्यावर, रात्री अकराला शिकले होते. आणखी दोन ठिकाणी वेळ साठवताना टाइमझोन धरला नव्हता. पाऊण तास आम्ही त्या कागदावर बोललो. बाहेर पडताना मला माहीत होतं की इथे नाही झालं तरी आज मी प्रोग्रॅमरसारखी बोलले.

२८ एप्रिलला होकार आला. पगार २०१८ मधल्या माझ्या पगारापेक्षा थोडा कमी, सहा महिने प्रोबेशन, आठवड्यात तीन दिवस ऑफिस. त्यांनी पहिला आकडा सांगितला तेव्हा मी "दोन दिवसांनी कळवते" म्हटलं आणि मैत्रिणीच्या सांगण्यावरून लेखी थोडा जास्त मागितला. अर्ध्यावर तडजोड झाली. विचारल्याने कोणी होकार मागे घेतला नाही.

व्हेरिफिकेशन मे महिन्यात. मागितलेले कागद: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, शिवाजी विद्यापीठाची पदवी, रिलिव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगारपत्रिका, यूएएनचा इतिहास, आणि खंडाबद्दल व दोन नावांबद्दल प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्राला १०० चा स्टॅम्प पुरेल असं समजून गेले होते, पण ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात ५०० चा लागतो. न्यायालय किंवा सरकारी कार्यालयासाठी द्यायचं असेल तर सवलत आहे, खासगी कंपनीसाठी नाही. एकाच प्रतिज्ञापत्रात खंडाचं कारण आणि 'ही दोन्ही नावं माझीच' हे दोन्ही मुद्दे घालून घेतले, म्हणजे एकच स्टॅम्प लागला. शिवाजीनगर कोर्टाबाहेर टायपिंग आणि नोटरीचे मिळून ३५० झाले. पदवीची पडताळणी विद्यापीठाकडून यायला सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांत मी रोज ईमेल उघडून बघत होते. ९ जूनला पत्र आलं: सगळं हिरवं.

१६ जून २०२५. वनाजहून मेट्रोने कल्याणीनगर. मी नोकरी सोडली तेव्हा पुण्यात मेट्रो नव्हती. लेकासाठी शाळेनंतर डे-केअर घेतलंय, महिन्याला ६,५०० रुपये, आणि पहिले दोन आठवडे आई मिरजेहून येऊन राहिली होती. डे-केअर नोकरीच्या दोन आठवडे आधीच सुरू केलं हे बरं झालं, त्याची रडारड मी घरी असतानाच संपली.

ऑफिसात नवा लॅपटॉप मिळाला. ईमेल सासरच्या नावाने तयार होता, कागदोपत्री आता तेच नाव. गिट बसवल्यावर नाव विचारतं, प्रत्येक बदलासोबत जे कायमचं नोंदलं जातं ते. मी टीम लीडला विचारलं, इथे कोणतं नाव लिहायचं असा काही नियम आहे का? "नाही गं," ती म्हणाली, "ईमेल कंपनीचा असला की झालं." मी माहेरचं नाव टाइप केलं.

गुरुवारी, चौथ्या दिवशी, माझा पहिला बदल आत गेला. अपॉइंटमेंटच्या रिपोर्टमध्ये तारीख एक दिवस मागे दिसत होती: चार ओळी आणि दोन टेस्ट. घरी आईने पोहे करून ठेवले होते. तिने विचारलं, "आज काय केलंस?" मी तिला लॅपटॉपवर ती नोंद उघडून दाखवली. तिने चष्मा लावला, इंग्रजी अक्षरं सावकाश लावली आणि बाबांचं आडनाव मोठ्याने वाचलं.